दुधरामचा कोतवाल

दुधराम कापगते हा दमलेला माणूस आहे. दिवसभर राबला आणि रात्री झोपून ताजा झाला, असलं ते दमणं नव्हे. भिंतीत ओल मुरावी तसं ते अंगात मुरलेलं आहे. रस्त्यात कोणी विचारलं, "काय गा दुधराम, बरा आहेस ना?" तर तो चालता चालताच म्हणतो, "हाव बापा, आहो." आणि विचारणाऱ्यालाच वाटतं, उगाच विचारलं.

सडक अर्जुनीच्या पुढे, हायवेपासून थोडं आत, पुरनलाल टेंभरेचं हल्यांचं फारम आहे. तिथे दुधराम कामाला आहे. हल्या म्हणजे म्हशीच्या जातीतला नर. धानाच्या या मुलखात एके काळी हल्यांच्या जोडीशिवाय चिखलणी होत नव्हती. गुडघाभर गाळात बैल बसून जायचा, हल्या मात्र मजेत चालायचा. मग ट्रॅक्टर आला, हल्याचं काम गेलं, आणि काम गेलेल्याचं या जगात जे होतं तेच हल्याचंही झालं. पुरनलाल बाजाराबाजारांतून हाडकुळे हल्ये विकत आणतो, काही महिने त्यांना तणस, कोंडा आणि ढेप घालून पोसतो, आणि अंगावर मांस चढलं की ट्रकात भरून मांसाच्या कारखान्याकडे रवाना करतो. धंदा सरळ आहे, कागद चोख आहेत. तरी गावात त्याचं नाव कोणी मोठ्यानं घेत नाही. रविवारी कोंबडी कापणारेसुद्धा फारमचं नाव निघालं की नाक मुरडतात.

त्या फारमावर मारण्याचं काम कोणाचंच नाही. तोवर जगवण्याचं काम मात्र दुधरामचं. हे कसलं काम, असं त्याची बायको रुक्मा त्याला अधूनमधून विचारते. तो म्हणतो, "भाकर खाऊन रायलो ना आपन त्याची?" त्यावर ती चूल फुंकू लागते, पण पटून नव्हे.

त्यातून दुधराम जातीनं कोहळी. कोहळ्यांच्या वाडवडिलांनी या भागात गावोगाव तलाव बांधले. दुधरामच्या मोहटोला गावचा तलावही अशाच कोण्या कापगतेनं खोदला म्हणतात. गावातले टवाळ म्हणायचे, "तुह्या आज्यापंज्यानं तलाव खंदले, तू हल्ये पुराले खड्डे खंद." दुधराम ऐकून घ्यायचा. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून चिडायलाही जागा नव्हती.

कारण गेल्या दोन पावसाळ्यांत त्यानं खरंच फार खड्डे खणवले. नवी खेप आली की चारसहा दिवसांत घटसर्प लागायचा. सकाळी हल्या गव्हाणीपाशी यायचा नाही. लांब उभा, कान पडलेले, तोंडातून लाळेची तार. अंगाला हात लावला तर तवा. दुपारपर्यंत गळा सुजून यायचा आणि श्वासाचा घर्रघर्र आवाज कुंपणाबाहेर ऐकू यायचा. तेवढ्या वेळात सुई पोचली तर पोचली. नाही तर संध्याकाळी जेसीबीवाल्याला फोन. खड्ड्यात चुना टाकता टाकता दुधरामच्या डोळ्यांची आग व्हायची, आणि पाणी चुन्यानं येतंय की कशानं, हे त्याचं त्यालाही सांगता येत नसे.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर रुचि बिसेन हुशार बाई. वयानं दुधरामला मुलीसारख्या, पण गमबूट घालून शेणात उभ्या राहायच्या आणि बोलायच्या ते समजेल असं. त्यांनी सांगितलं, "काका, बाजारातून आलेलं जनावर प्रवासानं थकलेलं असतं, उपाशी असतं. त्याच्या अंगात ताकद नसते. आल्याबरोबर आपण लस टोचतो, पण ती अंगी लागायला दोनतीन आठवडे जातात. तोवर त्यांना जुन्यांत मिसळू द्यायचं नाही." त्यांच्या सांगण्यावरून फारमाच्या मधोमध बांबूचं कुंपण आलं. अलीकडे जुने, पलीकडे नवे. नव्यांची गव्हाण वेगळी, टाकं वेगळं, बादली वेगळी, खराटासुद्धा वेगळा. फाटकापाशी लाल औषधाच्या पाण्याचं घमेलं. आत जाताना पाय बुडवा, बाहेर येताना बुडवा. पुरनलाल स्वतः आला तरी त्याला चपला काढून पाय बुडवायला लावायचा दुधराम. शेठाचे पाय लाल झालेले बघून गडी तोंड फिरवून हसायचे.

दुधरामनं हे सारं इमानेइतबारे केलं. आणि तरी नव्या हल्यांतले मरायचे ते मरतच राहिले.

पुरनलालनं व्यापारी बदलला. बाजार बदलला. ट्रकवाला बदलला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गडीमाणसांनी फारमावरही नारबोद केली. पळसाच्या फांद्या, फाटकी लुगडी, फुटकी टोपली असं सगळं मिळून बुजगावण्यासारखी एक बाई. रोगराई, माश्या-मच्छर सारं घेऊन जा गं बाई, म्हणून ओरडत तिला शिवेपार नेली आणि जाळली. रोग बाहेरून येतो आणि त्याला बाहेर घालवायचा असतो, हे इथल्या माणसाला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. त्यामुळे सगळे बाहेरच बघत राहिले. दुधरामही.

आता कोतवालाचं सांगायला हवं.

काही वर्षांपूर्वी एका खेपेत एक लहानगा हल्या आला होता. मोठ्यांच्या पायांखाली तुडवला गेलेला, एक कान फाटलेला. ट्रकातून त्याला उचलूनच काढावं लागलं. त्याच आठवड्यात त्याला घटसर्प झाला. त्या वेळी खेपेतले दुसरे पटापट गेले आणि हा, ज्याच्यावर कोणी आशा ठेवली नव्हती तो, वाचला. म्हणजे दुधरामनं वाचवला. गूळपाणी पाजलं, तापात कपाळावर ओली पोती ठेवली, घास गिळेना तर कोंड्याची पेज करून बोटानं चाटवली. बरा झाल्यावर तो दुधरामच्या मागे मागे फिरू लागला. विकण्याएवढा भरला तेव्हा दुधरामनं पुरनलालला सांगितलं, "भाऊ, हा राहू द्या. हा कामाचा आहे."

आणि तो खरोखर कामाचा निघाला. ट्रकातून जनावर उतरवणं ही मोठी कटकट असते. दिवसभर अंधारात हेलकावे खाल्लेलं जनावर ट्रकाचा मागचा फळका उघडला की उजेडाला बुजतं. मागे सरतं, एकमेकांवर चढतं. इतर ठिकाणी शेपटी पिरगाळतात, दांडक्यानं हाणतात, आणि घाबरलेला हल्या चढउतारासाठी केलेल्या मातीच्या धक्क्यावरून घसरून पाय मोडून घेतो. फारमावरचा दुसरा गडी कैलाश त्याच शाळेतला. पण दुधरामला मारणं जमत नसे. दोन वर्षांपूर्वी त्यानं एकदा सहज त्या फाटक्या कानाच्या हल्याला धक्क्यावर नेऊन ट्रकाच्या तोंडाशी उभं केलं. हल्या आत गेला, एकेकाचं नाक हुंगलं, एकदोघांची मान चाटली, फुसफुसला, आणि वळून सावकाश खाली चालू लागला. त्याच्यामागे सगळी खेप शाळेतल्या पोरांसारखी ओळीनं उतरली.

साहेब गावात आला की पुढे कोतवाल चालतो, तसा हा पुढे. म्हणून त्याचं नाव कोतवाल. तेव्हापासून फारमावर दांडकं उचललं गेलं नाही. नवी खेप आली की कोतवाल तिला उतरवायचा, कुंपणापलीकडे नेऊन पोचवायचा, टाक्यावर स्वतः तोंड घालून पाणी कुठे आहे ते दाखवायचा, आणि संध्याकाळी अलीकडे आपल्या जागी येऊन रवंथ करत बसायचा. दुधरामच्या आयुष्यात अभिमान वाटावा असं फार काही नव्हतं. मुलगा हिमांशु नागपूरला कुठल्याशा गोदामात कामाला, तो सणालाही येईलच असं नाही. जमीन भावांत वाटली जाऊन नावापुरती. पण कोतवाल पुढे आणि खेप मागे अशी वरात धक्क्यावरून उतरताना बघितली की त्याला वाटायचं, चला, एवढं तरी आपण नीट केलं.

ज्या दिवशी हे सगळं उलटलं, त्या दिवशी तो नेहमीसारखाच घरी आला होता. दारात रुक्मानं बादली ठेवलेली. घरी एक दुभती म्हैस, म्हणून फारमावरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही, हा नेम दुधरामनंच घालून घेतलेला. तो पाय धूत होता आणि रुक्मा चुलीपाशी बसून त्या दिवशीच्या मेलेल्यांची चौकशी करत होती.

"आज पुन्हा गेले?"

"गेले."

"अन् पाय धुतेत म्हंता सारे?"

"धुतेत."

"कोतवाल धुते का?"

दुधराम हसला. "तो जनावर आहे."

"मंग? तो सकारी तिकडे, संध्याकारी इकडे. शेठाचे पाय धुवाले लावता अन् त्याले काऊन माफी? जावई लागून गेला का तो तुमचा?"

तिनं थट्टा केली होती. पुढच्या घडीला ती भाजीला फोडणी देत शेजारच्या चंदाच्या म्हशीबद्दल बोलू लागलीही. पण दुधराम पाटावर बसला तो घास हातात घेऊन बसूनच राहिला. कुंपण, बादल्या, खराटे, लाल पाणी, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि त्या सगळ्यातून आरपार, प्रत्येक नव्या हल्याचं नाक हुंगत, मान चाटत, त्यांच्याच टाक्यात तोंड घालत चाललेला कोतवाल.

"जेवा ना जी. कायले पाहून रायले तसे?"

"काई नाई," तो म्हणाला.

त्यानं मनाशी पुष्कळ भांडून पाहिलं. कोतवाल तर धडधाकट. कातडी तेल लावल्यासारखी काळीभोर. रोग असता तर आधी तोच नसता का मेला? पण एकदा डोक्यात शिरलेली गोष्ट पाय धुऊन बाहेर काढता येत नाही. सकाळी त्यानं कोतवालाला फारमाच्या पार टोकाला, मोहाच्या झाडाखाली बांधलं. कैलाशनं विचारलं तेव्हा सांगितलं, "पायाले लागलं आहे त्याच्या."

पुढची खेप कोतवालाशिवाय उतरली. म्हणजे उतरवली. कैलाशनं दांडकं काढलं, दुधराम फळक्याशी उभा राहून घसा बसेपर्यंत चुचकारत राहिला. एका हल्याचं शिंग फळक्यात अडकून मुळातून मोडलं, दुसरा धक्क्यावर गुडघ्यांवर पडला. लांब मोहाखाली कोतवाल दाव्याला हिसके देत ओरडत होता. दुधरामनं तिकडे बघितलंच नाही.

त्या खेपेतला एकही मेला नाही. पुरनलाल खूश झाला, नवा व्यापारी पायगुणाचा निघाला म्हणाला. दुधरामला बरं वाटायला हवं होतं. त्याला वाटलं नाही.

शेवटी त्यानं डॉक्टर मॅडमला सांगितलं. रुचिताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "काका, हा कधी आजारी पडला होता का?"

दुधरामनं सांगितलं. गूळपाणी, ओली पोती, कोंड्याची पेज. सांगताना त्याच्या आवाजात जुना आनंद आपोआप आला, आणि मॅडमचा चेहरा बघून तो तिथेच विरला.

"घटसर्पातून जो वाचतो ना काका," त्या हळूच म्हणाल्या, "तो कधीकधी रोग गळ्यातल्या गाठींत घेऊन हिंडतो. त्याला स्वतःला काही होत नाही. जुन्यांना लस आहे, त्यांनाही नाही. पण थकलेलं, लस न लागलेलं जनावर त्याच्या श्वासाला आलं की..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "मी शपथेवर सांगू शकत नाही. नाकातला नमुना पाठवते."

नमुन्यात काहीच निघालं नाही. कैलाश म्हणाला, "पाहा! खाली-पिली गरीबाले बांधून ठेवला." मॅडम म्हणाल्या, नमुन्यात सापडलं नाही म्हणजे नाहीच असं नसतं, रोज ते नाकात उतरतं असंही नाही. औषध देऊन गळा साफ होईल का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, होईल याची खात्री कोणी देणार नाही. दुधरामला कैलाशचं म्हणणं पटायला हवं होतं. त्याला ते फार फार पटवून घ्यायचं होतं. तरी त्यानं दावं सोडलं नाही, उलट दुहेरी केलं.

हल्या कळपातलं जनावर. एकटा बांधला की तो चरत नाही, नुसता उभा राहतो. कोतवालाच्या बरगड्या दिसू लागल्या. दुधराम तिकडे जाऊन कपडे बदलायचा, तिथलं घमेलं वेगळं, तिथला खराटा वेगळा. म्हणजे आधी दोन गोठे होते ते आता तीन झाले, आणि माणूस तोच. गुडघे बोलायला लागले. रुक्मा रोज तेल चोळायची आणि रोज म्हणायची, "सोडा आता हे काम." तो म्हणायचा, "सोडतो." दोघांनाही ठाऊक होतं की तो सोडणार नाही.

मग एका भर दुपारी नवी खेप आली. ड्रायव्हरनं फाटकातून हॉर्न दिला. कोतवालानं मान उचलली, मागे रेटा दिला आणि दुहेरी दावं सुतासारखं तोडलं. दुधराम फळका उघडत होता. त्याला मागून खुरांचा आवाज आला आणि काही कळायच्या आत कोतवाल त्याला खांद्यानं बाजूला सारून धक्क्यावरून ट्रकात शिरला होता. आत कालवा चालला होता, तो थांबला. फुसफुसण्याचे आवाज आले. मग कोतवाल वळला आणि खाली चालू लागला, आणि मागे खेप. एकाचाही पाय घसरला नाही.

"असा पाहिजे हो माणूस!" कैलाश टाळ्या पिटत म्हणाला.

दुधराम बाजूला उभा होता. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक होतं आणि त्याच वेळी, लाज वाटावी अशी गोष्ट, त्याला ते बघून बरं वाटत होतं. किती दिवसांनी ती वरात दिसली होती.

त्याच आठवड्यात सकाळी पहिला हल्या गव्हाणीपासून लांब उभा दिसला. मग दुसरा. या खेपेला मॅडम रोज आल्या, दुधरामनं दर थोड्या वेळानं प्रत्येकाचा ताप पाहिला, ज्याला चढला त्याला लगेच सुई. त्यामुळे बरेचसे वाचले. बरेचसे म्हणजे सगळे नव्हेत. जेसीबीवाला आला तेव्हा त्यानं खड्डा कुठे हे विचारलंसुद्धा नाही, आपला सरळ त्या कोपऱ्याकडे वळला. आणि त्या वेळी दुधराम पहिल्यांदाच कोतवालापाशी न जाता घरी गेला.

पुरनलाल टेंभरे हा धंदेवाला माणूस, पण दगड नव्हे. त्यानं मॅडमकडून सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं दुधरामला चहा पाजला आणि म्हणाला, "देख भाई दुधराम, हे जनावर आता इथं नाई ठेवता येत. पन मी त्याले विकून खाईन असा मानूस नाई. तू घरी घेऊन जा. तुझंच आहे ते. मी काई नाई म्हनत नाई."

दुधरामनं कप खाली ठेवला. त्यानं नुसती मान हलवली.

घरी त्यानं रुक्माला सांगितलं. ती आता कडाडेल अशी त्याची तयारी होती. फारमाचा वास, फारमाचं नाव, फारमाची भाकर, सगळ्यावर तिनं आजवर तोंडसुख घेतलेलं. पण ती म्हणाली, "आना. मांगच्या सपरीत, छपराखाली बांधू. आपल्या म्हशीले तं सुई मारली आहे."

"तू मनतेस हे?"

"मंग कोन मनन? दोन वर्सं झाले, तुमी त्याच्याशिवाय दुसऱ्याचं नाव काढलं का या घरात?"

दुधराम उठला आणि तसाच तलावाच्या पाळीवर जाऊन बसला. ऊन कलतं होतं. गावभरच्या म्हशी पाण्यात शिरलेल्या, नुसती नाकं आणि शिंगं वर. चंदाच्या दोन म्हशी कडेलाच होत्या. नवरा गेल्यापासून त्या दोन म्हशींवर तिचं घर चालतं. टोचणीवाले गावात आले तेव्हा अर्ध्या गावानं म्हशी लपवल्या होत्या, चंदानंही. सुई मारली की दूध आटतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. दुधरामनं दारोदार जाऊन समजावलं होतं. लोक म्हणाले होते, तू तुझ्या फारमावर शिकव.

एक म्हैस दुसरीच्या पाठीवर मान टाकून डोळे मिटून होती. पाण्यात सगळ्यांचे श्वास एकमेकांत.

सपरीत किती दिवस बांधणार होता तो कोतवालाला? दुहेरी दावं त्यानं सुतासारखं तोडलं होतं. एक दिवस या म्हशींचा आवाज ऐकून तो येईलच. पाण्यात उतरेल. चंदाच्या म्हशींचं नाक हुंगेल, मान चाटेल. त्याला दुसरं काही येतच नाही. आणि मग पहिली म्हैस, मग दुसरी, आणि ज्या कोण्या कापगतेनं हा तलाव गावासाठी खोदला, त्याच्याच वंशातल्या माणसानं त्यात हे आणून सोडलेलं असेल. जंगलात सोडावा तर नागझिऱ्याच्या जंगलातली रानजनावरंही एकाच पाणवठ्यावर येणारी. वाघानं खाल्ला तर सुटला, पण वाघाआधी तो कोणाकोणाला भेटेल? दुधरामनं सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. जिकडे जावं तिकडे कोणाचं तरी नाक पाण्यावर दिसत होतं.

अंधार पडायच्या आत तो घरी परतला. रुक्मा मागच्या सपरीतली लाकडं हलवून जागा करत होती.

"राहू दे," तो म्हणाला. "नाई आनत."

रुक्मानं हातातलं लाकूड खाली ठेवलं. पदराआड तोंड करून ती आत गेली आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

पुरनलालला खरं वाटेना. "अरे, मी देऊन रायलो ना फुकटात! पागल झाला का तू?" दुधरामनं एवढंच सांगितलं, "पुढच्या ट्रकात भरा त्याले." मॅडमनी कोतवालाला तपासलं. तो स्वतः निरोगी होता, अंगात कुठलं औषध नव्हतं, जायला काही हरकत नव्हती. कागदावर सही करताना त्या म्हणाल्या, "काका, मला माफ करा." आता यात बाईंचा काय दोष? पण माणसं अशा वेळी काहीतरी म्हणतात.

"त्या दिवशी तू नको येऊ," पुरनलाल म्हणाला. "सुट्टी घे."

"म्या नाई आलो तं कैलाश मारत चढवन त्याले," दुधराम म्हणाला.

भरतीचा ट्रक सकाळी आला. पोसून तयार झालेले हल्ये धक्क्याशी गोळा करून ठेवले होते. भरतीच्या दिवशी दुधराम कोतवालाला नेहमी लांब बांधावरच्या शेतात नेऊन ठेवायचा. चढवायच्या कामाला त्यानं त्याला कधी हात लावू दिला नव्हता. कोतवालाला ठाऊक होता तो ट्रक एकच: भरलेला, आत घाबरलेली जनावरं असलेला.

दुधरामनं मोहाखाली जाऊन दावं सोडलं. त्याच्या फाटक्या कानामागे खाजवलं. काही बोलला नाही, कारण बोलण्यासारखं खरं काही नव्हतं आणि खोटं बोलायची त्याची इच्छा नव्हती. कैलाशनं दांडकं काढलं होतं, ते दुधरामला बघून खाली ठेवलं. पुरनलाल गाडीतून उतरलाच नाही.

ड्रायव्हरनं फळका पाडला. दुधराम दावं ओढणार होता, पण ओढायची वेळच आली नाही. कोतवालानं ट्रक बघितला, कान टवकारले आणि तो आपल्या आपण, घाईघाईनं, धक्का चढून आत शिरला. आत कोणी नव्हतं. तो पार पुढच्या भिंतीपर्यंत गेला. एक कोपरा हुंगला, मग दुसरा. फुसफुसला. कोणी उत्तर दिलं नाही. तो वळला आणि दाराकडे, दुधरामकडे बघत उभा राहिला. तेवढ्यात त्याच्यामागून निघालेले बाकीचे हल्ये एकामागून एक चढत आले, आणि मधली वाट भरून गेली.

ड्रायव्हर रायपूरकडचा. त्यानं उभ्या जन्मात अशी भरती बघितली नव्हती. "काका, वो कान-कटा तो बडा सीधा निकला," तो म्हणाला. "ना डंडा, ना रस्सी. खुद ही चढ गया. सिखाया है क्या?"

दुधरामनं फळका वर उचलला आणि कडी लावली. "नाई," तो म्हणाला. "त्याले वाटलं, आत कोनी उतराचा राहिला आहे."